खाजगी व व्यवसायी विमानोड्डाणाची सुरक्षितता : कोकण-सह्याद्री पट्टा

मालक स्वतः चालवीत असलेल्या अथवा एखाद्या व्यक्तीने, उद्योगसंस्थेने वा शासनाने आपल्या कामासाठी बाळगलेल्या किंवा भाड्याने घेतलेल्या विमानाच्या वा हेलिकॉप्टरच्या उड्डाणास स्थूलमानाने खाजगी व व्यवसायी उड्डाण म्हणतात. नियमित विमान कंपनीत हवामानाचा अभ्यास, मार्गाची आखणी, यंत्राची तपासणी आणि उड्डाण रद्द करण्याचा निर्णय ही कामे अनेक जणांत वाटलेली असतात. खाजगी उड्डाणात ती बहुधा एकट्या वैमानिकावर येऊन पडतात. म्हणून या क्षेत्रातील सुरक्षिततेचा इतिहास हा केवळ यंत्रांच्या सुधारणेचा इतिहास नाही. एकट्या माणसाच्या निर्णयाला नियमांचा व संस्थांचा आधार कसा मिळत गेला, याचाही तो इतिहास आहे. मुंबई, पुणे व उत्तर कोकण यांमधील लहानशा आकाशखंडात तो स्पष्टपणे दिसून येतो.

भूप्रदेश व हवामान : रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील भोगावती नदीकाठचे पेण व कुंडलिका नदीकाठचे रोहे (रोहा) ही दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून फार थोड्या उंचीवर आहेत. त्यांच्या पूर्वेस सु. ३० किमी. अंतराच्या आतच सह्याद्रीची मुख्य धार सु. ६०० ते १,००० मी. उंचीपर्यंत चढत जाते. ताशी २०० किमी. वेगाने जाणारे लहान विमान हे अंतर अवघ्या नऊ मिनिटांत कापते. खुद्द सखल पट्टीतही कर्नाळ्याच्या सुळक्यासारखे एकाकी उंचवटे आहेत. कुंडलिकेच्या उगमाकडील भिरा येथील जलविद्युत् केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. अशा केंद्रांपासून मुंबईच्या दिशेने गेलेल्या उच्च दाबाच्या तारा दऱ्याखोरी ओलांडतात. दुरून मनोरा दिसतो, पण तार दिसत नाही. कमी उंचीवरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरला हा कायमचा धोका आहे.

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे घाटमाथ्यावर चढतात आणि माथा ढगांत बुडतो. अशा वेळी जुहू व पुणे या दोन्ही टोकांना उड्डाणायोग्य हवा असूनही मधला घाट बंद असू शकतो. पुण्याकडून पश्चिमेस येणाऱ्या विमानास आणखी एक अडचण येते. माथा ओलांडण्यापूर्वीच त्याला समोरून येणारा वारा व डोंगराच्या पूर्व अंगास खाली उतरणारी हवा यांना एकाच वेळी तोंड द्यावे लागते. उच्चतामापक हे यंत्र वस्तुतः हवेचा दाब मोजते. पावसाळ्यात किनाऱ्यावरील दाब बहुधा १,००५ मिलिबारच्या आसपास असतो. यंत्र १,०१३ मिलिबार या प्रमाण दाबावरच ठेवल्यास ते सु. ६५ ते ७० मी. उंची अधिक दाखविते. उघड्या समुद्रावर ही चूक खपून जाईल. ढगांत झाकलेल्या धारेजवळ मात्र ती प्राणघातक ठरू शकते.

प्रारंभीचा काळ : मुंबईच्या जुहू येथे १९२८ मध्ये विमानतळ सुरू झाला आणि त्याच सुमारास बाँबे फ्लाइंग क्लबही स्थापन झाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी पस मॉथ जातीच्या एक एंजिनाच्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले. तेथून नेव्हिल व्हिंटसेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. या दुसऱ्या टप्प्यात सह्याद्री ओलांडावा लागे. विमानात रेडिओ नव्हता आणि जमिनीवर मार्गदर्शक साधने नव्हती. पावसाळ्यात जुहूचे मैदान निरुपयोगी होई, म्हणून त्या महिन्यांत टपालसेवा पुण्याहून चालविली जाई. हा निर्णय साधा होता, पण त्यात सुरक्षिततेचे मूळ तत्त्व आहे : परिस्थिती प्रतिकूल असेल, तर वैमानिकाच्या कौशल्यावर भार टाकण्याऐवजी बेत बदलावा.

कायदा व चौकशी : भारतात विमान अधिनियम १९३४ मध्ये व विमान नियम १९३७ मध्ये करण्यात आले. शिकागो येथील १९४४ च्या करारानुसार आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना १९४७ मध्ये अस्तित्वात आली. तिने १९५१ मध्ये स्वीकारलेल्या तेराव्या परिशिष्टाने अपघाताच्या चौकशीस निराळी दिशा दिली. चौकशीचा हेतू दोषी व्यक्ती शोधणे हा नसून पुढील अपघात टाळणे हा आहे, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. भारतात अपघातांची चौकशी दीर्घकाळ नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडेच होती. म्हणजे नियम करणारी व त्या नियमांखालील अपघात तपासणारी यंत्रणा एकच होती. २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण कार्यालय स्वतंत्रपणे स्थापन झाल्याने ही उणीव बऱ्याच अंशी दूर झाली. १९३४ च्या अधिनियमाची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने १ जानेवारी २०२५ पासून घेतली आहे.

डोंगरावरील अपघात : या पट्ट्यातील तीन मोठे अपघात नियमित कंपन्यांच्या विमानांचे आहेत, परंतु खाजगी वैमानिकाला त्यांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १२ जुलै १९४९ रोजी डच कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान पावसात मुंबईत उतरू पाहत असताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळले व ४५ जण मृत्युमुखी पडले. ७ जुलै १९६२ रोजी अलिटालिया कंपनीचे डीसी-८ विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळून ९४ जणांचा अंत झाला. आपण कोठे आहोत यासंबंधीच्या चुकीच्या समजुतीमुळे ते वेळेपूर्वीच खाली आणले गेले होते. ४ ऑगस्ट १९७९ रोजी इंडियन एअरलाइन्सचे पुण्याहून मुंबईस येणारे एचएस-७४८ विमान खराब हवेत पनवेलजवळच्या डोंगरांत कोसळले आणि त्यातील ४५ जण दगावले. तिन्ही अपघात जुलै-ऑगस्टमधील आहेत. अनुभवी, प्रशिक्षित आणि एकाहून अधिक वैमानिक असूनही डोंगर वेळीच ध्यानात आला नाही. मग एकट्या वैमानिकाची स्थिती किती बिकट असेल, हे सांगावयास नको.

अशा अपघातांवर उपाय म्हणून डोनल्ड बेटमन या कॅनेडियन अभियंत्याने भूसामीप्य-इशारा यंत्रणा विकसित केली. अमेरिकेत १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान डोंगरावर आदळल्यानंतर मोठ्या प्रवासी विमानांस ती सक्तीची झाली. प्रारंभीची यंत्रणा फक्त विमानाच्या थेट खालची जमीन पाही. कड्यासारख्या एकदम चढणाऱ्या धारेसमोर तिचा इशारा उशिरा मिळे. पुढे उपग्रहाधारित स्थाननिश्चिती व साठविलेला भूरचनेचा नकाशा यांची जोड मिळाल्याने पुढचा डोंगरही आधी कळू लागला. सहा वा अधिक प्रवासी आसनांच्या टर्बाइन विमानांना अमेरिकेत २००५ पर्यंत अशी यंत्रणा बसविणे आवश्यक करण्यात आले. त्यामुळे नियमित कंपन्यांना मिळालेले संरक्षण सु. तीस वर्षांनी व्यवसायी विमानांपर्यंत पोहोचले.

ढगांतील दिशाभ्रम : डोळ्यांनी जमीन व क्षितिज पाहून केलेल्या उड्डाणास दृश्य नियमांखालील उड्डाण म्हणतात. सामान्यतः त्यासाठी ५ किमी. दृश्यता आणि ढगांपासून आडवे १,५०० मी. व उभे ३०० मी. अंतर लागते. हे अंक कडक वाटतात, पण त्यांमागे शरीरशास्त्र आहे. क्षितिज दिसेनासे झाल्यावर तोल सांगण्याचे काम अंतर्कर्णाकडे जाते. मंद व सतत चाललेले वळण मात्र अंतर्कर्णास जाणवत नाही. विमान कलंडलेले असताना वैमानिकाला ते सरळ वाटते, आणि सरळ केल्यावर उलट बाजूस कलल्याचा भास होतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये झालेल्या प्रयोगात उपकरणांवरील उड्डाणाचे शिक्षण नसलेल्या वीस वैमानिकांना कृत्रिम रीतीने क्षितिज दिसेनासे केले गेले. विसांपैकी प्रत्येकाचा विमानावरील ताबा सुटला, आणि त्यास सरासरी १७८ सेकंद लागले. पेणहून घाटमाथ्यापर्यंतच्या नऊ मिनिटांशी हे तीन मिनिटे ताडून पाहिले म्हणजे ‘थोडे पुढे जाऊन पाहू’ या विचारातील धोका लक्षात येतो.

व्यवसायी उड्डाणातील दबाव : १९९१ नंतरच्या उदारीकरणात उद्योगसमूहांची विमाने व भाड्याची हेलिकॉप्टरे वाढली. सभा, उद्‌घाटने व निवडणूक दौरे यांसाठी त्यांचा वापर नित्याचा झाला. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे यांचे विमान कानपूरकडे सभेस जात असता उत्तर प्रदेशातील मैनपुरीजवळ खराब हवेत कोसळले. २ सप्टेंबर २००९ रोजी आंध्र प्रदेशचे मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांचे हेलिकॉप्टर नल्लमलाच्या जंगलात ढगाळ हवेत नष्ट झाले. महाराष्ट्रात २५ मे २०१७ रोजी निलंगा येथे मुख्यमंत्र्यांना घेऊन निघालेले हेलिकॉप्टर तारांत अडकून कोसळले. सुदैवाने सर्व जण बचावले. २८ जून २०१८ रोजी घाटकोपर येथे दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी उडालेले किंग एअर सी-९० विमान भरवस्तीत पडले; त्यातील चौघे आणि रस्त्यावरील एक पादचारी मरण पावले. २ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी पुण्यातील बावधन येथून धुक्यात जुहूकडे निघालेले हेलिकॉप्टर काही मिनिटांतच कोसळले आणि दोन वैमानिक व एक अभियंता यांचा अंत झाला. तत्कालीन वृत्तांनुसार त्याचा पुढील टप्पा जुहूहून रायगड जिल्ह्यातील सुतारवाडीचा होता.

या घटनांची कारणे एकसारखी नाहीत. तथापि व्यवसायी उड्डाणाचे एक वैशिष्ट्य सर्वत्र आढळते. प्रवासी हाच बहुधा मालक, वरिष्ठ अधिकारी वा सत्ताधारी असतो. त्याची वेळ ठरलेली असते, लोक खोळंबलेले असतात आणि ‘आज जाता येणार नाही’ असे सांगणारा वैमानिक त्याचा पगारी नोकर असतो. कायद्याने विमानावरील अंतिम अधिकार वैमानिकाचाच आहे. पण तो अधिकार निर्भयपणे वापरता येईल अशी व्यवस्था नसेल, तर कायदा कागदावरच राहतो.

सुधारणेचे मार्ग : पहिला मार्ग शिक्षणाचा होय. प्रतिरूप-यंत्रावर ढगात शिरणे, एंजिन बंद पडणे, फिरून माघारी येणे यांचा सराव जिवाला धोका न पत्करता करता येतो. सहवैमानिकाने वरिष्ठास निःसंकोच सावध करावे, हे शिक्षण १९७९ नंतर प्रथम मोठ्या कंपन्यांत रूढ झाले. दोन वैमानिकांच्या व्यवसायी विमानांनाही ते तितकेच लागू पडते. दुसरा मार्ग अनुभवांच्या देवाणघेवाणीचा आहे. अमेरिकेत १९७६ पासून नासा ही संस्था वैमानिकांकडून त्यांच्या चुकांची निवेदने गुप्तपणे स्वीकारते व त्यांतील निष्कर्ष प्रसिद्ध करते. शिक्षेचे भय नसेल, तर थोडक्यात टळलेला अपघातही सर्वांचा शिक्षक होतो.

तिसरा मार्ग साधनांचा. भारतीय विमानपत्तन प्राधिकरण व इस्रो यांनी उभारलेली ‘गगन’ ही उपग्रहाधारित प्रणाली, महागडी भूस्थित उपकरणे नसलेल्या धावपट्टीवरही उतरण्यास मार्गदर्शन करते. एप्रिल २०२२ मध्ये राजस्थानातील किशनगढ येथे प्रवासी विमान तिच्या साहाय्याने उतरविण्यात आले. चौथा मार्ग मात्र कोणतेही यंत्र देऊ शकत नाही. उड्डाणापूर्वी, घाई नसताना, वैमानिकाने व मालकाने मिळून मर्यादा लिहून ठेवाव्यात : किती दृश्यतेखाली निघावयाचे नाही, माथ्यापासून किती अंतरावर असताना परतावयाचे आणि तसे झाल्यास प्रवाशांसाठी मोटारीची सोय कोठे असेल. पेण व रोहे ही दोन्ही गावे सडक व लोहमार्ग यांनी मुंबईशी जोडलेली आहेत. रद्द झालेल्या उड्डाणाची किंमत येथे काही तासांपेक्षा अधिक नसते.

पेणच्या उत्तरेस पनवेल तालुक्यात उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले व डिसेंबर २०२५ मध्ये तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. त्यामुळे या पट्ट्यातील आकाश अधिक गजबजणार असून लहान विमानांना ठरावीक मार्ग व उंची यांचे पालन अधिक काटेकोरपणे करावे लागेल. नियंत्रकाचे लक्ष व रडारची नजर यांचा काही लाभ त्यांनाही मिळेल. तरीही ढगाने झाकलेल्या घाटासमोर परत फिरण्याचा निर्णय अखेर वैमानिकालाच घ्यावा लागेल, आणि तो घेणाऱ्यास दोष न देता त्याची पाठराखण करणे हे विमान बाळगणाऱ्यांचे कर्तव्य राहील.