माळरान, दहा हजार रुपये आणि एक रेल्वे स्टेशन

बीडहून बोलतोय. आजच्या भागात लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट. यांच्यावरचे रील तुम्ही पाहिले असतील. माळरान, निवडुंग, साप, मग जिद्द आणि मग कारखाना, पंचेचाळीस सेकंदांत सगळं संपतं. मला त्या पंचेचाळीस सेकंदांत जे राहून जातं त्याबद्दल बोलायचंय.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथं कळलं की काही रंग त्यांना नीट ओळखूच येत नाहीत. मग रंग सोडून त्यांनी यंत्रांची ड्रॉइंग शिकली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, तिथं शिकवायला लागले. हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली, तेव्हा नोकरी सोडली. बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान चालवलं, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर.

आता नांगर. तो विकायला जवळजवळ दोन वर्षं लागली. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं. आपण आज हसतो. पण शेतकऱ्याच्या बाजूनं बघा. लाकडी नांगर गावचा सुतार करायचा, फाळ लोहार लावायचा, मोडला की तिथल्या तिथं दुरुस्त, आणि मोबदला धान्यात. नवीन नांगर ऐन पेरणीच्या तोंडावर बिघडला तर कुणाकडं जायचं? माझ्या भाषेत सांगायचं तर जुनी सिस्टीम चालू होती आणि तिला सपोर्टही होता. एका हंगामाची चूक म्हणजे वर्षभराची भाकरी. असा माणूस घाईनं अपडेट मारत नाही.

नांगर कुठं खपायला लागले, तर १९१० मध्ये बेळगाव नगरपालिकेनं जागा खाली करायला सांगितली. कारखाना कुठं न्यायचा? तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढं आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांची मदत दिली. जमीन ओसाड होती हे खरंच. पण ती स्टेशनला लागून होती! कच्चं लोखंड, कोळसा आत आणायचा आणि तयार नांगर बाहेर धाडायचा, तर रूळ दारात हवेत. तीच आज सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी.

जरा जर्मनीत डोकावू. सोळाव्या शतकात सॅक्सनीच्या डोंगरांत खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या चालायच्या. जॉर्जियस ॲग्रिकोला या वैद्यानं तिथला सगळा कारभार 'दे रे मेटालिका' या ग्रंथात लिहून ठेवला, तो १५५६ मध्ये छापला गेला. भट्टीच्या मालकाला तीन गोष्टी लागायच्याच. खाणीसाठी राजाची परवानगी, लोणारी कोळशासाठी जंगल, आणि भाता हलवायला वाहता ओढा. यातलं एक जरी नसलं तरी मालक कितीही हुशार असो, भट्टी थंड.

किर्लोस्करवाडीलाही हा अनुभव आला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, दगडी कोळसा मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. दगडी कोळशाच्या जागी लाकडाचा कोळसा वापरला, थेट सॅक्सनीसारखा. १९२० मध्ये कंपनी रीतसर 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' झाली.

यात लक्ष्मणरावांचं कर्तृत्व कमी होत नाही. दोन वर्षं न खपलेला नांगर सांभाळत बसणं सोपं नाही. पण जिद्दीच्या खाली जमीन होती, भांडवल होतं, रूळ होते आणि अडचणीत दार उघडणारे दोन राजे होते.

हे मी बीडमध्ये बसून का सांगतोय? कारण आपल्याकडं दसरा झाला की गावंच्या गावं ऊसतोडीला जातात, आणि वर आपल्याच पोरांना ऐकवलं जातं, 'तुमच्यात जिद्द नाही'. बीड शहरात रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला. कुंडल रोडला ती १९१० मध्ये कारखान्याच्या आधीच उभी होती. मधे शंभरावर वर्षं गेली. हा हिशोब जिद्दीच्या खात्यात कसा टाकायचा?

म्हणून पुढच्या वेळी कुणी स्टेजवरून 'किर्लोस्कर बना' म्हणालं, तर टाळ्या जरूर वाजवा. मग हात वर करून शांतपणे विचारा, "साहेब, आमचे पंतप्रतिनिधी कोण?"

उत्तर मिळालं तर मला कळवा. भेटू पुढच्या भागात.