मऊ कडा, कमी हवा

मिशेलिनने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्याच्या कडा मऊ, म्हणून प्रवास सुखाचा. १९७०च्या दशकात अमेरिकी गाड्यांवर तो सर्रास दिसू लागला. पण मागे ट्रेलर जोडला की हाच मऊपणा नडतो: टायर कडेला लवतात, ट्रेलर डुलतो आणि गाडीलाही डोलवतो. म्हणून जाणकार ताठ कडांचे, हलक्या ट्रकचे टायर घेऊ लागले. मागच्या चाकांत, टायरवर छापलेल्या मर्यादेत, हवा वाढवू लागले.

हवा ही किरकोळ बाब नव्हेच.

फोर्ड एक्सप्लोरर या गाडीला कंपनीने अवघी २६ पौंड हवा सुचवली होती. तिच्या फायरस्टोन टायरचे थर सुटून गाड्या उलटल्या, माणसे दगावली. ऑगस्ट २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. त्याच वर्षी झालेल्या कायद्यामुळे पुढे हवा उतरल्याचा इशारा देणारी यंत्रणा अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत सक्तीची झाली.