पितळी ड्रमचं वय

मार्चमध्ये काकूंचा फोन आला. "तू धातूंचा डॉक्टर ना? मग येऊन यांचा ड्रम बघून जा. दुकानदार म्हणतो सत्तरनंतरचा आहे. हे तर जन्मभर त्रेसष्टचा म्हणून सांगत आले. कोण खरं, ते एकदाचं कळू दे."

मंडळाच्या जुन्या सभासदांना हा ड्रम आठवत असेल. विसर्जनाला ढोल मिळाले आणि ताशा नाही मिळाला, की काका तो चंदेरी स्नेअर ड्रम गळ्यात अडकवून यायचे. खालच्या तारा सैल सोडायचे, वरचं पान कडक ताणायचे आणि पातळ काड्यांनी असा काही तडतडवायचे, की डोळे मिटले तर आपण लक्ष्मी रोडवर आहोत असं वाटावं. १९६२ साली ते फिटर म्हणून इकडे आले. पुढच्या वर्षी लंडनच्या शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवरच्या 'ड्रम सिटी'तून हा ड्रम घेतला, असं ते सांगत. रिंगो स्टारने त्याच वर्षी तिथूनच आपला लुडविग सेट घेतला, हे तर प्रसिद्धच आहे. त्यामुळे काकांची गोष्ट ऐकताना आम्ही सगळे गालात हसायचो. त्यांच्या मुलाचाही विश्वास नव्हता. काका गेले, काकू आता मुलाकडे राहायला जायच्या आहेत, घर आवरायला काढलंय, आणि ड्रम विकायचा की ठेवायचा हा प्रश्न आहे.

मी डॉक्टरेट केली धातूंच्या थकव्यावर आणि पोट भरतो सॉफ्टवेअरवर. ड्रममधलं मला काही कळत नव्हतं. पण जुन्या यंत्राचं वय त्याच्या खिळ्यामोळ्यांवरून काढायचं असतं, एवढं ठाऊक होतं. दोन महिने वाचलं, संग्राहकांना भेटलो, आणि एका वेगळ्याच इतिहासात शिरलो.

या देशात ड्रम म्हणजे मुख्यतः 'प्रीमियर'. ॲल्बर्ट डेला पोर्टा हा स्वतः ड्रम वाजवणारा. त्याने जॉर्ज स्मिथबरोबर १९२२ साली लंडनमध्ये ही कंपनी काढली. १९४० च्या बाँबहल्ल्यांत कारखाना गेला आणि बिऱ्हाड लेस्टरजवळच्या विग्स्टनला हललं. लढाईनंतर ब्रिटनकडे डॉलरची टंचाई होती, म्हणून अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध आले. ते उठले १९५९ मध्ये. तोवर इथल्या वादकाला शिकागोचा ड्रम हवा असेल, तर जहाजावर काम करणारा मित्र शोधावा लागे. रिंगोसुद्धा १९६३ पर्यंत प्रीमियरच वाजवत होता. मग आयव्हर आर्बिटर या दुकानदाराने लुडविग आणायला सुरुवात केली, आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये अमेरिकन टेलिव्हिजनवर बीटल्सच्या मागे ते नाव झळकल्यावर सगळ्या जगालाच तो ड्रम हवासा झाला. काकांचा दावा बरोबर या उंबरठ्यावरचा आहे. लाट येण्याच्या जेमतेम वर्षभर आधीचा.

आता प्रत्यक्ष वस्तू. चौदा इंच व्यास, पाच इंच उंची, भोवती दहा लग. लग म्हणजे ताणाचे बोल्ट ज्यांत शिरतात ती लांबट घरं. कवचाच्या मध्यावरून एक उठावदार वळ. हा लुडविगचा '४०० सुप्राफोनिक', यात शंका नव्हती. १९६० च्या सुमारास तो निघाला तेव्हा कवच पितळेचं आणि वर क्रोमचा मुलामा असे. १९६३ च्या आसपास कंपनीने पितळ सोडून ॲल्युमिनियम धरलं. दिसायला दोन्ही सारखेच आणि लोहचुंबक दोघांनाही चिकटत नाही, पण उचलला की हाताला फरक कळतो. शिवाय ॲल्युमिनियमवर क्रोम नीट टिकत नाही. काही वर्षांत देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात आणि पापुद्रे सुटतात. काकांचा ड्रम जड होता आणि त्यावर एकही व्रण नव्हता. आत, जिथे मुलामा विरळ होता, तिथे पिवळी झाक दिसली. पितळ.

मग बिल्ला. साठच्या दशकातला लुडविगचा बिल्ला वर रुंद, खाली निमुळता, कमानीच्या माथ्यावरच्या दगडासारखा. १९६९-७० च्या सुमारास त्याऐवजी निळा-हिरवट बिल्ला आला. जुन्या बिल्ल्यावर १९६३ च्या अखेरीपासून क्रमांक छापू लागले. मी संगणकवाला, क्रमांक म्हटलं की हुरळतो. पण जाणकार इथे सावध करतात, कारण कामगार खोक्यातून हाताला येईल तो बिल्ला उचलून ठोकत. मोठा क्रमांक म्हणजे नंतरचा ड्रम, असं छातीठोक म्हणता येत नाही. आमच्या बिल्ल्यावर मात्र क्रमांकच नव्हता. आणि बिल्ला बदललेला असेल तर? तो हवेच्या भोकात बसवलेल्या पोकळ रिव्हेटने धरलेला असतो. आतून रिव्हेटची कड पाहिली. कुठे उचकटल्याची खूण नाही आणि काळवंडलेली अगदी कवचासारखी.

म्हणजे १९६० ते ६३. मग दुकानदार सत्तरनंतरचा का म्हणाला? तारा आवळ-सैल करणारा खटका पाहून, ज्याला स्ट्रेनर म्हणतात. तो 'पी-८५' जातीचा होता, आणि ती जात साधारण १९७० पासूनची. दुकानदाराने सगळ्यांत तरुण भाग पाहिला, ड्रमचं वय त्यावरून ठरवलं आणि किंमतही तशीच पाडून सांगितली. तत्त्व म्हणून ते चूक नाही. एखादी वस्तू तिच्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही. पण भाग मूळचाच आहे का, हे आधी पाहायला हवं.

स्ट्रेनर काढला. खाली वेगळ्या आकाराची मळकट सावली होती, जुन्या खटक्याची. आणि स्क्रू पाहून तर मी काकूंच्या स्वयंपाकघरात टाळीच वाजवली. अमेरिकन स्क्रूच्या आट्यांचा कोन साठ अंशांचा. हे दोन स्क्रू 'बीए' प्रकारचे होते, कोन साडेसत्तेचाळीस अंश, जे इथे जुन्या रेडिओत आणि विजेच्या सामानात सापडतात. शिकागोच्या कारखान्यात असला स्क्रू कोण लावणार? स्ट्रेनर ब्रिटनमध्ये बदलला गेला, आणि बहुधा अशा माणसाने, ज्याच्या खिशात बीए स्क्रू असत. फिटर माणसाने.

तरी एक गाठ सुटेना. धातू सांगतो ड्रम कधी बनला. कुणी कधी घेतला ते तो सांगत नाही. काकांनी तो १९८० मध्ये जुन्या बाजारातून उचलला असता, तरी ही सगळी लक्षणं अशीच दिसली असती. हे काकूंना कसं सांगावं याचा विचार करत मी एक लग उघडला. लगच्या आत एक स्प्रिंग असते आणि ती किणकिणू नये म्हणून वादक तिच्यात काहीबाही कोंबतात. आतून वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळलेली पट्टी निघाली. इंग्रजी जाहिरात, किंमत १९/११. माझी इथे जन्मलेली मुलगी म्हणाली, "एकोणीस नोव्हेंबर?" तिला एकोणीस शिलिंग अकरा पेन्स समजावून सांगावे लागले. १५ फेब्रुवारी १९७१ ला शिलिंग संपले. पुढच्या लगमध्ये निघालेल्या पट्टीवर मराठी अक्षरं होती. आणि तळाशी, ग्रीसमध्ये रुतलेला, गुलाल.

रद्दी घरात वर्षानुवर्षं पडून राहू शकते, हे मलाही कळतं. पण शिलिंगची जाहिरात आणि मराठी वर्तमानपत्र एकाच ड्रममध्ये कोंबणारी घरं त्या काळी लंडनमध्ये किती असतील? मी काकूंना म्हटलं, त्रेसष्टची शपथ घेणार नाही, पण सत्तरच्या आसपास हा तुमच्याच घरात होता असं नक्की वाटतं.

काकू चहा गाळत होत्या. "मी सहासष्टमध्ये आले तेव्हा पलंगाखाली होताच की तो. त्याचे हप्ते फिटायचे होते अजून."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी? आणि माझं कोण ऐकतंय? लोखंड-पितळेचं बोलणं तुम्ही मुलं ऐकता."

मुलाने सगळे फोटो घेतले, स्क्रूचेसुद्धा. ड्रम विकायचा नाही असं ठरलं. मूळ जातीचा जुना स्ट्रेनर मिळतोय, किंमत वाढेल, असं मी सुचवून पाहिलं. तो म्हणाला, नको, बाबांनी लावलेला राहू दे. मग आम्ही तिघांनी पट्ट्या पुन्हा गुंडाळून ज्या त्या लगमध्ये ठेवल्या. एक स्प्रिंग सोफ्याखाली गेली, ती शोधण्यात अर्धा तास गेला.