इंडिया गेटवर एक नाव शोधताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या आठवड्याचा भाग लिहून देतोय. नेहमीची सूचना आधीच करतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, इतिहासाचा प्राध्यापक नाही. पण जुना कोड वाचताना जो प्रश्न पडतो, तोच जुन्या इमारती बघताना पडतो: हे कुणी लिहिलं, कशासाठी, आणि आता याचा मालक कोण?

मागच्या नोव्हेंबरात ऑफिसच्या कामासाठी दिल्लीला निघालो होतो. साताऱ्याहून आजीचा फोन आला. "दिल्लीला चाललायस तर ते इंडिया गेट बघून ये. लढाईत गेलेल्यांची नावं कोरलीत म्हणं त्यावर. आमच्या आजोबांचा थोरला भाऊ बसऱ्याला गेला तो परत आलाच नाही. नाव असलं तर फोटो काढून आण."

बसऱ्याला गेला. आजीच्या माहेरी त्यांच्याबद्दल एवढंच बोललं जायचं. कधी गेले, कसे गेले, काहीच नाही.

मी गेलो. संध्याकाळची वेळ, तुफान गर्दी. फुगे, भेळ, सेल्फी स्टिक, शाळेच्या सहली. कमानीच्या अगदी खाली जाऊ देत नाहीत, साखळ्या लावल्यात. मोबाईलचा कॅमेरा झूम करून मी दगडावरची इंग्रजी अक्षरं वाचायचा प्रयत्न करत होतो. नावं हजारो आहेत, आणि आजीने सांगितलेलं मला दिसेना. मग हॉटेलवर येऊन शोधायला बसलो. त्या रात्री जे कळलं ते सांगायचं, तर आधी आपल्याला दोन शहरं फिरून यावं लागेल. कारण देशातल्या तीन मोठ्या शहरांमधली तीन सगळ्यात जास्त फोटो निघणारी ठिकाणं एकाच माणसाभोवती फिरतात. राजा पाचवा जॉर्ज.

पहिलं शहर कोलकाता. दोन वर्षांपूर्वी मित्राच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा व्हिक्टोरिया मेमोरियल बघितलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणी वारली आणि व्हाइसरॉय कर्झनने तिचं भव्य स्मारक उभारायचं ठरवलं. संगमरवर मकराण्याचा, म्हणजे ताजमहालाला वापरला तोच. वास्तुविशारद विल्यम इमर्सन. मुंबईकरांनो, क्रॉफर्ड मार्केटचा आराखडाही याच इमर्सनचा बरं का! खर्च एक कोटीच्या वर गेला आणि तो निघाला मुख्यतः भारतातल्या संस्थानिकांच्या आणि लोकांच्या वर्गणीतून. ४ जानेवारी १९०६ ला पायाभरणी झाली. कोणाच्या हस्ते? तेव्हाचे प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजेच पुढचे पाचवे जॉर्ज.

आता गंमत बघा. पायाभरणी झाली तेव्हा कोलकाता राजधानी होतं. बांधकाम पूर्ण होऊन २८ डिसेंबर १९२१ ला उद्घाटन झालं तेव्हा राजधानी दिल्लीला हलून दहा वर्षं झाली होती. ती हलवल्याची घोषणा कोणी केली? ज्याने पायाचा दगड बसवला त्यानेच. आमच्याकडे प्रोजेक्ट अर्ध्यावर असताना क्लायंट ऑफिसच बदलतो, तसला प्रकार!

दुसरं शहर आपली मुंबई. २ डिसेंबर १९११ ला पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. त्या आगमनाची आठवण म्हणून गेटवे ऑफ इंडिया. पण राजा आला तेव्हा गेटवे नव्हतंच. त्याने बघितला तो फक्त पुठ्ठ्याचा नमुना. पायाभरणी १९१३ मध्ये झाली, जॉर्ज विटेटचं डिझाइन मंजूर झालं १९१४ मध्ये. मग समुद्रात भराव घालून जागा तयार करायला आणखी काही वर्षं गेली. उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला, म्हणजे पाहुणा येऊन गेल्यावर १३ वर्षांनी!

आणखी एक गोष्ट पुढच्या वेळी नक्की बघा. गेटवेपर्यंत येणारा रस्ता कमानीच्या बरोबर समोर येत नाही, तिरका येतो. समोरून येणारा भव्य रस्ता आराखड्यात होता, पण पैसे संपले आणि तो राहिला तो राहिलाच. शंभर वर्षं झाली, आपण सगळे त्या अपुऱ्या कामाचे फोटो काढतोय आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

ही कमान बांधली जात असतानाच, १७ नोव्हेंबर १९२१ ला, याच राजाचा मुलगा मुंबईत उतरला. त्या दिवशी शहरात बहिष्कार होता, गांधीजींच्या उपस्थितीत परळ भागात परदेशी कपड्यांची होळी झाली आणि मग काही दिवस दंगली पेटल्या. महिनाभराने त्याच राजपुत्राने कोलकात्याच्या स्मारकाचं उद्घाटन केलं. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी परत गेली ती याच गेटवेतून. स्वागतासाठी बांधलेली कमान निरोपाला कामी आली. आज तिच्यासमोर घोड्यावर शिवाजी महाराज आहेत. १९६१ च्या प्रजासत्ताक दिनापासून. त्याआधी तिथे पाचव्या जॉर्जचा पुतळा होता.

तिसरं शहर दिल्ली. मुंबईत उतरलेला राजा दहा दिवसांनी, १२ डिसेंबर १९११ ला, दिल्ली दरबारात उभा राहिला आणि त्याने राजधानी बदलल्याचं जाहीर केलं. त्या नव्या राजधानीत ल्युटेन्सने आखलेली ४२ मीटर उंच कमान म्हणजे इंडिया गेट. पायाभरणी १९२१, उद्घाटन १२ फेब्रुवारी १९३१, व्हाइसरॉय आयर्विनच्या हस्ते. पाचच दिवसांनी तुरुंगातून सुटून आलेले गांधीजी याच आयर्विनशी बोलणी करायला बसले. म्हणजे दगड पक्का होत होता आणि पायाखालची जमीन सरकत होती.

इंडिया गेटमागच्या छत्रीत १९३६ मध्ये पुन्हा आपले ओळखीचे गृहस्थ उभे राहिले, पाचवे जॉर्ज! १९६८ मध्ये त्यांना तिथून हलवलं. आता ते कॉरोनेशन पार्कमध्ये, म्हणजे जिथे दरबार भरला होता तिथेच, उभे आहेत. छत्री बरीच वर्षं रिकामी होती, २०२२ पासून तिथे नेताजी आहेत.

राजाचं नाव तीन शहरांत असं ठळक. आता आजीच्या माणसाकडे येतो.

पहिल्या महायुद्धात भारतातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार पाठवली गेली. ७० हजारांहून जास्त मेली. इंडिया गेटवर नावं आहेत सुमारे १३ हजार ३००. आणि ती बरीचशी वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात गेलेल्यांची. फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका यांचा उल्लेख कमानीवर आहे, पण तिथल्या मृतांची नावं तिथल्या स्मारकांवर.

आमच्या भागातली माणसं गेली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, इतकी तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या फौजेत गेलीत. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुट या गावात अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने वेढा. शेवटी शेवटी घोडे मारून खायची वेळ आली आणि आपल्या बऱ्याच जवानांनी ते मांस खायला नकार दिला. उपासमारीनंतर शरणागती, आणि मग कैदेत वाळवंटातून पायपीट. त्यात कितीतरी मेले.

त्यांचं स्मारक बसऱ्याला झालं. मला वाटलं, चला, नाव तिथे असणार. तर पुढे वाचलं आणि लॅपटॉप बंद करून बसलो. बसरा स्मारकावर ब्रिटिशांची नावं कोरली, अगदी साध्या शिपायाचंही. भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची कोरली. बाकीच्यांचा पलटणीनुसार नुसता आकडा. अमुक पलटण, इतर इतके जवान. बस. आकड्यात काउंट असतो, रेकॉर्ड नसतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ही स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने २०२१ मध्ये स्वतःच्या अहवालात असा भेदभाव झाल्याचं मान्य केलं आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा इंडिया गेटला गेलो, पण कमानीकडे नाही. शेजारी २०१९ मध्ये झालेलं राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, तिकडे. तिथे ग्रॅनाइटवर स्वातंत्र्यानंतर शहीद झालेल्या २५ हजारांहून जास्त जवानांची नावं आहेत. शिपाई असो की अधिकारी, प्रत्येकाची वेगळी पाटी. एक बाई एका पाटीवरून बोट फिरवत उभ्या होत्या. मी फोटो नाही काढला.

दगडावर नसली तरी कागदावर काही नावं उरली आहेत. त्याच कमिशनच्या वेबसाइटवर पलटण आणि नाव टाकून शोधता येतं. मला आजीने सांगितलेल्या नावाची दोन माणसं सापडली. दोघंही मराठा पलटणीतले. एक गेला फेब्रुवारी १९१६ मध्ये, दुसरा त्याच वर्षी सप्टेंबरात. गावाचं स्पेलिंग दोन्हीकडे असं काही लिहिलंय की आमचं गाव कुठलं ते छातीठोक सांगता येत नाही.

आजीला फोन करून सगळं सांगितलं. तारखा मिळाल्यात, त्यावरून तिथी काढता येईल, असंही म्हणालो. कारण तिच्या माहेरी त्यांची तिथी माहीत नाही म्हणून शंभर वर्षं सर्वपित्री अमावास्येलाच पान वाढतात.

आजी जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोघांतला आपला कोणता ते कळत नाही ना? मग राहू दे अवसेलाच. यंदा दोन पानं वाढायला सांगते."

मंडळी, तुमच्याही घरी कुणाबद्दल 'बसऱ्याला गेला' असं म्हणत असतील, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आधी गाव आणि पलटण विचारून घ्या. सापडलं तर मला कळवा. आणि गेटवेला जाल तेव्हा तो तिरका रस्ता नक्की बघा.

भेटू पुढच्या भागात!