मोठे आतडे, कर्करोग आणि विषाणूचा संशय

मोठ्या आतड्याच्या कर्करोगामागे विषाणू असेल का, हा प्रश्न अलीकडचा आहे. विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो ही शंका मात्र शंभर वर्षांहून जुनी. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की पेशी आणि जिवाणू वरच अडकले. तरीही त्या अर्काने निरोगी कोंबडीला गाठ झाली. या कामाला नोबेल मिळायला १९६६ साल उजाडले.

मुंबईत हा विषय परळला रुजला. तिथे १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले आणि १९५२ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. कोणत्या समाजात कोणता कर्करोग अधिक, आणि तो कोणत्या सवयीतून येतो, हा खानोलकरांच्या अभ्यासाचा गाभा होता. त्यांच्या विद्यार्थिनी, पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांच्या स्तनकर्करोगावर काम केले. हा रोग आईच्या दुधातून पिलांकडे जातो, असे अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवले होते. दुधातला तो घटक पुढे विषाणू ठरला. विषाणू एकटा पुरेसा नसतो, संप्रेरके आणि आनुवंशिकता यांची साथ त्याला लागते, हे रणदिवे यांच्या कामाचे सार आजही तितकेच मोलाचे आहे.

आतड्याकडे लक्ष वळवले ते डेनिस बर्किट यांनी. आफ्रिकेतील मुलांच्या जबड्याच्या ज्या गाठींचे त्यांनी १९५८ मध्ये वर्णन केले, त्यांतच १९६४ मध्ये माणसाच्या कर्करोगाशी जोडलेला पहिला विषाणू सापडला. त्याच बर्किटांनी आतड्याच्या कर्करोगाचे कारण मात्र आहारात शोधले. कोंड्यासकट धान्य खाणाऱ्या ग्रामीण आफ्रिकेत हा रोग क्वचित दिसतो, असे त्यांनी १९७१ मध्ये मांडले. गिरणाकाठच्या भडगावात ज्वारी-बाजरीची आणि कळण्याची भाकरी हे जुने जेवण. बर्किटांचा तर्क अशा ताटालाही लागू पडतो.

याच ताटाकडे दुसऱ्या नजरेनेही पाहता येते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पॅपिलोमा विषाणू शोधणारे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी २०१२ मध्ये म्हटले की गोमांसातून येणारा एखादा संसर्ग आतड्याच्या कर्करोगाला कारण असावा. भारतात गोमांस कमी आणि हा रोगही कमी, हा त्यांचा एक आधार. निरीक्षण एकच, पण एकाला त्यात कोंडा दिसतो, दुसऱ्याला संसर्ग. नुसत्या आकड्यांवरून यांतले खरे कोणते हे ठरत नाही.

प्रयोगशाळेतही निकाल लागला नाही. १९९९ मध्ये आतड्याच्या गाठींत जेसी विषाणूच्या, तर २००२ मध्ये सायटोमेगालो विषाणूच्या खुणा आढळल्या; इतरांना त्या सगळीकडे सापडल्या नाहीत. शिवाय मोठे आतडे हे असंख्य सूक्ष्मजीवांचे घर. तिथे विषाणू सापडला म्हणून गाठ त्यानेच केली असे होत नाही. गाठीच्या पेशींत त्याची जनुके टिकून काम करत आहेत, आणि तो रोखल्यावर रोग घटतो, हे दाखवावे लागते.

गर्भाशयमुखाबाबत याच्या जवळ जाणारा पुरावा महाराष्ट्रातूनच आला. बार्शीच्या ग्रामीण प्रकल्पाने उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. पॅपिलोमा विषाणूची एकच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, असे २००९ मध्ये जाहीर झाले. त्याच विषाणूचा गुदद्वाराच्या कर्करोगाशी संबंधही सिद्ध आहे. गुदद्वाराच्या वरच्या आतड्याचे चित्र वेगळे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये जेसी विषाणूला ‘कदाचित कर्करोगकारक’ एवढ्याच गटात ठेवले, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे सिद्ध कारण म्हणून एकाही विषाणूचे नाव अजून मान्य झालेले नाही.