नायगावच्या सिमेंट चाळी आणि १९२० चे विकासकर्ज

मराठीतील ‘गुंतवणूक’ हा शब्द ‘गुंतणे’ या क्रियापदापासून सिद्ध झालेला आहे. द्रव्याबरोबर द्रव्याचा स्वामीही व्यवहारात अडकतो, असे त्यात सूचित होते. नायगावच्या बी. डी. डी. चाळींच्या इतिहासात मात्र द्रव्य गुंतले आणि धनको मोकळा राहिला, असे दिसून येते.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत घरांची टंचाई पराकोटीस गेली होती. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने गिरणगावातील दाटीचे भीषण स्वरूप उघड केले. पाठोपाठ १९१९ व १९२० चे गिरणीसंप आले. अशा वेळी गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने १९२० साली विकासखाते स्थापन केले. कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधणे आणि बॅकबेचा समुद्र हटविणे, ही त्याची दोन प्रमुख कामे होत. खात्याच्या योजनांसाठी साडेसहा टक्के व्याजाचे, १९३५ पर्यंत मुदतीचे कर्ज लोकांकडून उभारण्यात आले. शिवाय कापसाच्या प्रत्येक गासडीवर १ रुपया नगरशुल्क बसविण्यात आले. गिरणीच्या कच्च्या मालावरील कराने गिरणीकामगारास निवारा द्यावा, ही कल्पना मुळात न्याय्यच होती.

रोखा घेणाऱ्यास आपला पैसा नगरहितासाठी लागत आहे, असे समाधान मिळत होते, आणि व्याजास सरकारची हमी होती. नेमक्या या हमीमुळेच खोली कशी बांधली जाते, हे पाहण्याचे त्यास कारण उरले नाही. प्रत्यक्षात ५०,००० ऐवजी सुमारे १६,५०० खोल्या झाल्या. एकूण २०७ चाळींपैकी ४२ नायगावात उभ्या राहिल्या. सिमेंट काँक्रीटच्या भिंती, सुमारे १६० चौरस फुटांची एकेक खोली, आणि नळ व संडास सामाईक. (‘सिमेंट चाळी’ हे लोकांनी दिलेले नाव कौतुकाचेच होते, असे मानण्याचे कारण नाही.) चारही वसाहतींत मिळून अनेक खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या राहिल्या, वरळीच्या चाळींचा तर १९३० साली सत्याग्रह्यांच्या तुरुंगासाठी उपयोग झाला.

विकासखात्यावर देखरेख झालीच नाही, असे नव्हे. खुर्शेद नरिमन यांनी कायदेमंडळात व वृत्तपत्रांत बॅकबेच्या खर्चावर कठोर हल्ला चढविला. १९२६ साली चौकशी समिती नेमली गेली, आणि नरिमन यांच्यावरील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १९२८ साली ते निर्दोष ठरले. परंतु वादाचा मुख्य रोख समुद्रात गेलेल्या पैशावर होता. नायगावच्या खोलीत धूर कोंडतो की नाही, हा प्रश्न त्या मानाने मागेच राहिला.

याच्या तुलनेस अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड घ्यावा. त्यात व्याज नव्हते, हमीही नव्हती. माणशी एक पैसा एवढीच मागणी. त्यातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काचकारखाना उभा राहिला, आणि पैसा देणारा तेथील काचसामान हाती घेऊन पारखू शकत होता. ही तुलना फार ताणू नये, कारण घरबांधणीचा खर्च पैशापैशाने भागला नसता. तथापि लॉइड यांच्या कर्जातील रोखेधारकास नायगावची चाळ पाहण्याची गरज कधीच पडली नाही. आणि चाळीतील भाडेकरूस त्या रोख्याची ओळख ‘बी. डी. डी.’ या तीन अक्षरांपलीकडे झाली नाही.