एका नदीचे बारा महिने

तुम्ही ॲरिझोनात आहात, ग्रँड कॅनियनच्या तळाशी. ब्राइट एंजल नावाचा ओढा जिथे कोलोरॅडो नदीला मिळतो, तिथल्या वाळूवर उभे. ही जागा सोडायची नाही. वर्षं आणि महिने तेवढे बदलतील. प्रत्येक वेळी पाण्यात उतरण्याआधी मात्र हात बुडवून बघा.

ऑगस्ट १८६९. शेजारी एक हात गमावलेला मेजर, जॉन वेस्ली पॉवेल, खडकावर बसला आहे. त्याची माणसं वाहून आलेल्या ओंडक्यातून नवी वल्ही तासताहेत. होड्यांतलं पीठ बुरसलंय. हात बुडवा: पाणी चक्क कोमट आहे. रॉकी पर्वतातल्या बर्फाचं पाणी असलं, तरी उघड्याबोडक्या वाळूखडकांमधून, उन्हात, शेकडो किलोमीटर वाहत आलंय. या नदीचं पाणी ऐन उन्हाळ्यात २५ अंशांच्या वर सहज जायचं, कधी ३० च्या जवळ. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहिलात तर स्वतःची पावलं दिसणार नाहीत, एवढं ते तांबडं आणि गढूळ. वर कुठे तरी वळवाचा पाऊस झाला की गाळ आणखी वाढतो, आणि खिशांत, बाह्यांत, बुटांत साचून माणसाला जड करतो. तरी काठाकाठाने डुंबायला हाच महिना बरा.

कोमट म्हणजे सुरक्षित असं मात्र समजू नका. वीस वर्षं पुढे जा. जुलै १८८९, पाणी असंच उबदार. इथून बरंच वर, मार्बल कॅनियनमध्ये, रेल्वेमार्गाची पाहणी करायला निघालेला फ्रँक ब्राउन १० तारखेला बुडाला. पाच दिवसांनी त्याच्या तुकडीतले आणखी दोघे गेले. ब्राउनने लाइफ जॅकेटं घेतलीच नव्हती. मुख्य धार खाली धावते, काठालगतचं पाणी उलटं फिरतं, आणि दोन्हींच्या सांध्यावर भोवरे उठतात. तिथे पट्टीचा पोहणाराही खाली खेचला जातो; पाणी किती अंशांचं आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही. रॉबर्ट स्टँटन त्याच डिसेंबरात उरलेलं काम पुरं करायला परतला तेव्हा सगळ्यांसाठी बुचाची जॅकेटं घेऊन आला.

आता डिसेंबर १९११. कोल्ब बंधू, एलस्वर्थ आणि एमरी, सिनेमाचा कॅमेरा घेऊन इथून खाली निघाले आहेत. हात बुडवाल तर लगेच बाहेर काढाल. हिवाळ्यात ही नदी शून्याच्या आसपास जाते. ऑगस्टात ज्या पाण्यात तासभर खेळलात, तेच आता काही मिनिटांत बोटं निकामी करेल. वर्षभरात २५ ते ३० अंशांचा फरक! वाळवंटी नदीचा हा स्वभावच. तिच्यावर सावली धरायला कोणी नसतं आणि ऊब धरून ठेवायलाही.

एप्रिल १९५५. पाण्यातून दोन डोकी तरंगत येताहेत, होडी नाही. बिल बियर आणि जॉन डॅगेट. लोकरीच्या आतल्या कपड्यांवर रबरी सदरे, पायांत पोहण्याची पायपंखं, सोबत जलरोधक पिशव्यांत सामान. सुमारे ४५० किलोमीटर, २६ दिवस. नदी अजून पुरती तापलेली नाही, आणि पाणी वाढू लागलंय. मला त्यांच्या धाडसापेक्षा त्यांचं डोकं जास्त आवडतं: धारेशी भांडायचं नाही, अंग सोडून द्यायचं, काठ जवळ आला की बाहेर पडून शेकोटी पेटवायची.

दोनच वर्षांनी, जून १९५७. आता उतरू नका, नुसते बघा. डोंगरावरचं बर्फ एकदम वितळलंय आणि नदीत सुमारे सव्वा लाख क्यूसेक पाणी आहे. खडकवासल्यातून चाळीस हजार सोडले की पुण्यात नदीपात्रातले रस्ते बंद होतात. हे त्याच्या तिप्पट, आणि तेही अरुंद कपारीतून. ही वाळू दरवर्षीच्या अशाच पुराने आणून टाकलेली आहे.

अनेक वर्षांवर पसरलेलं हे एक वर्ष इथे संपतं. कारण १३ मार्च १९६३ ला, इथून साधारण १६५ किलोमीटर वर, ग्लेन कॅनियन धरणाचे दरवाजे बंद झाले.

आता जुलै १९७८ निवडा. हवा चाळिशीच्या वर, खडकावर हात टेकवत नाही. पाणी हिरवट, नितळ. गाळ वर जलाशयातच बसला. मन मोहरतं, तुम्ही उडी मारता आणि श्वासच अडकतो. वीजनिर्मितीसाठीचं पाणी जलाशय भरलेला असताना पृष्ठभागाच्या ६०-७० मीटर खालून घेतलं जातं, जिथे ऊन पोचत नाही. धरणातून ते निघतं ८-९ अंशांवर, आणि इथवर येता येता जेमतेम दोन-तीन अंश तापतं. पहिल्या मिनिटात धाप लागते. ती पाण्याखाली लागली तर तिथेच संपलं. दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात. जानेवारी निवडा, पाणी जवळपास तेवढंच. महिना बदलून आता काही उपयोग नाही. शहरांत एसी सुरू झाले की विजेची मागणी वाढते, धरणातून जास्त पाणी सुटतं आणि बऱ्याच तासांनी इथला काठ बुडतो. नदीला आता ऋतू नाहीत, ऑफिसची वेळ आहे. हम्पबॅक चब नावाचा पाठीवर कुबड असलेला इथलाच मासा या गारठ्यात अंडी घालू शकत नाही. तो लिटल कोलोरॅडो या उपनदीच्या उबदार पाण्याला धरून कसाबसा टिकला.

शेवटची उडी, २०२२ चा उन्हाळा. दीर्घ दुष्काळाने जलाशय पाव भागावर आलाय. वरचं तापलेलं पाणीच आता वीजगृहाच्या तोंडाशी पोचलंय, आणि नदी पुन्हा वीस अंशांच्या घरात आली. पोहणाऱ्याला बरं वाटेल, चबलाही बरं वाटायला हवं. पण त्याच उबेत स्मॉलमाउथ बास हा बाहेरून आणलेला, इतर मासे गट्ट करणारा मासा धरणाच्या खाली अंडी घालताना सापडला. म्हणून २०२४ च्या उन्हाळ्यात आणखी खालच्या नळांतून थंड पाणी सोडून नदी मुद्दाम गार केली गेली. त्या पाण्याची वीज होत नाही, म्हणून वीजवाले कुरकुरले. माझ्या मते निर्णय बरोबर होता, जरी तो आधी केलेल्या उद्योगावरचा उतारा असला तरी.

खरंच कधी इथवर उतरलात, तर नितळ रंगावर आणि वरच्या उन्हावर जाऊ नका. त्या आठवड्याचं पाण्याचं तापमान रेंजरला विचारा, आणि पाय बुडवायचेच असतील तर नदीत नको, शेजारच्या ब्राइट एंजल ओढ्यात बुडवा.